उताराला लागलेली गाडी

माझ्या मोटरसायकलला किक नाही. 2008 साली ती घेतली तेव्हा शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "किकचा जमाना गेला सर, आता नुसता अंगठा." तेव्हा मी तिशीत होतो. अंगठ्याने सगळं होतं यावर विश्वास बसायचं ते वय. आता मी पन्नाशीला टेकलोय, गाडीही म्हातारी झालीय, आणि सकाळी उठताना आम्हा दोघांच्या तोंडून सारखेच आवाज निघतात.

पूर्वी बटण दाबलं की 'चर्रर्र' होऊन गाडी बोलायला लागायची. एका डिसेंबरात ती 'उंऽऽ... उंऽऽ...' करायला लागली. शाळा बुडवायच्या बेतात असलेलं कार्टं पांघरुणातून हुंकार देतं, तसं. थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, त्याचं असेल, अशी मी समजूत घालून घेतली. मार्च आला, थंडी गेली, हुंकार राहिला. एप्रिलात तर ती चार हुंकारांनंतर नुसतं 'टक' म्हणायची आणि गप्प. भांडण संपवताना बायको 'बरं' म्हणते, त्या टकला तेवढीच धार होती.

मग धक्का आला. आमचे वॉचमन मामा बीडकडचे. रोज पावणेनऊला मी हेल्मेट घालून वरासारखा गाडीवर बसायचो आणि मामा मागून रेटायचे. पहिल्या गिअरमध्ये चाक नुसतं घसटतं, म्हणून दुसरा टाकायचा, क्लच दाबून ठेवायचा, गाडीने वेग धरला की सोडायचा. एक गचका बसतो, आतडी जागा बदलतात, आणि गाडी सुरू होते. "बैल बसला तर शेपटी पिरगाळावी लागती साहेब," मामा एकदा धापा टाकत म्हणाले, "हिला शेपटीबी नाही." चहाचे दहा रुपये रोजचे ठरले.

पण मामा सोबत ऑफिसला येऊ शकत नव्हते. म्हणून मी पुणं उतारांवरून ओळखायला लागलो. लोकांना पर्वती दिसते, मला पर्वतीचा पायथा दिसायचा. चतुःशृंगीच्या रस्त्यावर गाडी कुठेही लावा, काळजी नाही. तळजाईचा उतार म्हणजे तर स्वर्ग. सुतारदऱ्यात राहणाऱ्या एका मावसभावाकडे मी पंधरा वर्षांत गेलो नव्हतो, त्याच्याकडे त्या दोन महिन्यांत पाच वेळा गेलो. तो बिचारा हेलावून गेला. उलट सदाशिव पेठेत राहणारी सख्खी आत्या दुरावली, कारण तिच्या गल्लीत गाडी सोडली तर जिथल्या तिथे राहते. लक्ष्मी रस्त्याच्या आसपासची पी-वन, पी-टूची भानगड सगळ्यांना ठाऊक आहे: विषम तारखेला या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. मला तारीख, बाजू आणि ढाळ अशी तिन्ही गणितं एकदम सोडवावी लागत. एकदा तारीख जुळली, बाजू जुळली, पण उतार उलट्या तोंडाचा निघाला, तर मी खरेदी न करताच घरी आलो. बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा गाडीचं कौतुक केलं.

ते कौतुक डीपी रोडवर संपलं. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणारा हा रस्ता, दोन्ही बाजूंनी लग्नाची लॉन्स, शेजारून नदी, आणि जमीन तव्यासारखी सपाट. पुतण्याचं रिसेप्शन आटोपून रात्री साडेदहाला बाहेर आलो. बटण दाबलं. टक. बायकोने पैठणीचा पदर खोचला, नथ काढून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "बसा." तिच्या आवाजात इतकी सवय होती की मलाच लाज वाटली. पहिल्या धक्क्यात चालू झाली नाही. दुसऱ्यापर्यंत आठ-दहा पाहुणे जमले. सगळे जेवलेले, सगळे सुटातले, आणि सगळे तज्ज्ञ. गाडीला एकानेही हात लावला नाही. निदान मात्र एकमताने झालं. "बॅटरी गेलीय." श्रीखंडाची वाटी हातात घेऊन बाहेर आलेल्या एका आजोबांनी तर गाडीकडे न बघताच सांगितलं, "बॅटरी."

बॅटरी बदलली. जुनी परत देऊन 1,400 रुपये. दोन दिवस गाडी बरी चालली. नवं औषध सुरू केलं की पहिले दोन दिवस वाटतंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुंकार. मेकॅनिककडे नेली तर त्याने बटण दाबलं, मान हलवली आणि म्हणाला, "अख्खी सेल्फ मोटर टाका. 3,500." (सेल्फ म्हणजे बटण दाबलं की इंजिनाला पहिला रेटा देणारी मोटर.) का, असं विचारलं तर म्हणाला, "जुनी झाली ना." या न्यायाने गाडीवर बसणाराही बदलायला हवा होता.

आणि मग तळमजल्यावरचे काका मध्ये पडले. काका खडकीच्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले. खाली पेपर वाचत ते माझे रोजचे धक्के महिनाभर बघत होते आणि एक अक्षर बोलले नव्हते. बोलावल्याशिवाय सल्ला न देणारा पुणेकर मी प्रथमच पाहत होतो. बोलावल्यावर मात्र त्यांनी सगळी थकबाकी वसूल केली.

"किती वेळ दाबून धरतोस?"

"होईपर्यंत."

"म्हणजे वीस-पंचवीस सेकंद. अरे, ती मोटर काय पिठाची गिरणी आहे? पाच सेकंद दाबायचं, सोडायचं, तिला गार होऊ द्यायचं." मग त्यांनी मला 1912 सालात नेलं. मोटारीत सेल्फ बसवला तो कॅडिलॅकने, आणि तो बनवणारा केटरिंग आधी दुकानाच्या गल्ल्याला वीज जोडायच्या उद्योगात होता. गल्ल्याचा ड्रॉवर उघडायला मोटरला क्षणभरच जोर लावायचा असतो, म्हणून ती छोटी असली तरी चालते. इंजिनालाही पहिले काही सेकंदच रेटायचं असतं. त्याआधी लोक पुढे उभं राहून हँडल मारायचे आणि ते उलट फिरलं की मनगट मोडायचं. "तुझ्या मामांचं मनगट शाबूत आहे ही केटरिंगची कृपा," काका म्हणाले. मामा लांबून हसले. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

बोलता बोलता काकांनी गाडीचं हँडल धरून ती स्वतःकडे कलती केली, तशीच थोडी धरली आणि मग सरळ उभी केली. मी बघत राहिलो. "हां, ही चेतक स्कूटर नाही, कलती करून सुरू व्हायला," ते ओशाळून म्हणाले. पंचवीस वर्षांची सवय हाताची असते, डोक्याची नसते.

मग ते घरात गेले आणि व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर व जुन्या डायरीचा एक कोरा कागद घेऊन आले. मी बटण दाबायचं, काकांनी आकडे वाचायचे, आणि मीच ते लिहायचे. गाडी न्यूट्रलला. गाडी मध्येच चालू होईल अशी भीती कुणालाच नव्हती.

बॅटरी नुसती: 12.7 व्होल्ट. बटण दाबल्यावर: 11.5.

"बघ," काका म्हणाले, "बॅटरी मेलेली असती तर दाबल्याबरोबर नऊ-साडेनऊपर्यंत कोसळली असती. ही कोसळतच नाही. याचा अर्थ काय?"

"बॅटरी चांगली आहे."

"ते तुला दुकानदारानेही सांगितलं असतं. याचा अर्थ, मोटर पुरेसा करंट घेतच नाहीये. खडकवासला भरलंय, आणि तुमच्या तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येतेय. मग धरणाला शिव्या देऊन उपयोग काय? मधले पाइप बघायचे."

मधले पाइप बघणं म्हणजे असं: मीटरची एक टोचणी तारेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि बटण दाबायचं. तार निरोगी असेल तर आकडा जवळपास शून्य. जितके व्होल्ट दिसतील तितके वाटेतच सांडतायत. बॅटरीच्या प्लसपासून रिलेतून (बटण दाबलं की मोटरकडे करंट सोडणारा स्विच) मोटरपर्यंत 0.3. ठीक. मग मोटरच्या अंगावरून बॅटरीच्या मायनसपर्यंत. 0.9.

काकांची भुवई वर गेली. "अर्थिंग." इंजिनाजवळ जिथे मायनसची तार बोल्टने बसते तिथे त्यांनी बॅटरी मारली (टॉर्चला ते बॅटरी म्हणतात, आणि बॅटरीला बॅटरीच), आणि म्हणाले, "इथे रंग कुणी लावला?"

तो मी लावला होता. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. झेंडूची माळ घालायची तर गाडी जरा बरी दिसावी म्हणून काळा रंग आणला होता, आणि कोपरा राहू नये म्हणून तो बोल्ट काढून, तार बाजूला सारून, आतला धातूही निगुतीने काळा केला होता. रंगातून वीज जात नाही. उरलेलं काम दोन पावसाळ्यांच्या गंजाने केलं. सोसायटीच्या आवारात मी मेकॅनिकला, बॅटरीला आणि एकूण आजकालच्या मालाला जे काही बोललो होतो, ते सगळं काकांच्या नजरेत मला जसंच्या तसं ऐकू आलं. काचपेपरने तो बोल्ट चकचकीत केला. आकडा आला 0.1. बटण दाबलं. 'उंऽ उंऽ उंऽ.' हुंकार जरा लवकर लवकर यायला लागले. गाडी मात्र सुरू झाली नाही.

"आता पाणी नळापर्यंत पोचतंय आणि धार तरी बारीकच," काका आनंदाने म्हणाले. लोकांना दुसऱ्याच्या गाडीत दुसरा दोष सापडला की किती आनंद होतो! "म्हणजे नळच खोल. कार्बन गेले असणार."

रविवारी मोटर उतरवली. आधी बॅटरीची मायनस तार काढली, मग मोटरची जाड तार, मग दोन बोल्ट. त्यातल्या एकाने दीड तास घेतला. हॉलमध्ये पेपर पसरून ती उघडली आणि आतून काळी भुकटी सांडली. सतरा वर्षं झिजलेला कोळसा. बायकोने मागच्या बाजूने फक्त "तो माझा टॉवेल आहे" एवढं सांगितलं. मोटरच्या आत तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो, त्यावर दोन कार्बन स्प्रिंगने दाबून बसलेले असतात आणि त्यांच्यातूनच सगळा करंट फिरत्या भागात, म्हणजे आर्मेचरमध्ये, जातो. नवा कार्बन बारा-एक मिलिमीटर असावा. माझे पाचही भरत नव्हते. हरभऱ्याच्या डाळीएवढे उरलेले ते दोन तुकडे, स्प्रिंग ढिली पडल्यामुळे तांब्याला नुसते शिवत होते. महिनोन् महिने यांच्या जोरावर मी ऑफिसला जात होतो.

कार्बनसाठी नाना पेठेत गेलो. बसने, अर्थात. तिथल्या दुकानदाराला मी मोटरचं साल, मॉडेल, काकांचे आकडे, सगळं सांगायला सुरुवात केली. त्याने हात पुढे केला. "नमुना." मी डाळीएवढा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो दोन बोटांत धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढं वापरायचं असतं होय?" प्लेट आणि स्प्रिंगसकट 160 रुपये. बॅटरीचे 1,400 आठवून पोटात कालवलं.

बसवणं हे खरं दिव्य. तांब्यावरचा काळा थर झिरो नंबरच्या काचपेपरने पुसला, पट्ट्यांमधल्या बारीक खाचांतली भुकटी बायकोच्या सुईने उकरली (ती सुई आता माझी आहे), पण आत ढकलताना कार्बन स्प्रिंगने पुढे येतात आणि वाट अडवतात. दोन्ही कार्बन मागे धरायचे, आर्मेचर सरळ धरायचं आणि खोकायचं नाही. यासाठी तीन हात लागतात. शेवटी मुलीने दोऱ्याचा फास करून कार्बन मागे ओढून धरले आणि मी आर्मेचर पुढे नेलं. आतल्या चुंबकाने ते खस्सकन ओढून घेतलं, माझ्या बोटाच्या कातडीसकट. मी ओरडलो. मुलगी म्हणाली, "बाबा, बसलं!" माझं बोट की आर्मेचर, ते तिने स्पष्ट केलं नाही.

सोमवारी, पावणेनऊ. काका पेपर खाली ठेवून उभे. मी बटणाला अंगठा लावला, खरं म्हणजे टेकवलाच फक्त, आणि गाडी 'चर्रर्र' करून इतक्या झटक्यात सुरू झाली की मीच दचकून पाय टेकवले. काकांनी नुसतं "हं" म्हटलं आणि पुन्हा पेपर उघडला. पहिल्या मजल्यावरच्या काकू मात्र खिडकीत आल्या. "आज सुट्टी का हो? तुमचं उं-उं ऐकू आलं नाही, मी अजून कुकर लावला नाही."

गेटपाशी मामा उभे होते. माझी गाडी आपल्या पायांनी येताना पाहून ते बाजूला झाले, सलाम केला, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यांनी ते पाठीमागे बांधले. मंगळवारीही तसेच. बुधवारी मी गाडीपाशी आलो तर ते सवयीने मागच्या दांडीला हात लावून आधीच तयार होते. लक्षात आल्यावर हात काढून म्हणाले, "हां, आता लागत नाही नव्हं."

माझा अंगठा बटणावर होता. तो मी काढला, क्लच दाबला आणि दुसरा गिअर टाकला.

"मामा," मी म्हणालो, "आज जरा रेटा बरं."