तिसऱ्या आठवड्यात फक्त पाय बोलतात?

‘तिसऱ्या आठवड्यात डावपेच संपतात, फक्त पायातली ताकद उरते’ हे तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतींवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. २०२५ च्या जिरोचा, म्हणजे इटलीतल्या अशाच शर्यतीचा, विसावा (शेवटून दुसरा) टप्पा आठवा. कोल्ले देल्ले फिनेस्त्रेचा घाट साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या वर आणि शेवटचे आठेक किलोमीटर कच्चा रस्ता. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी इसाक देल तोरोकडे. सायमन येट्स त्याच्यापेक्षा १ मिनिट २१ सेकंद मागे, एकूण क्रमवारीत तिसरा. येट्स निसटला आणि देल तोरो व दुसऱ्या क्रमांकावरचा कारापाझ एकमेकांकडेच बघत राहिले, पाठलागाचं ओझं कोणीच घेईना. त्यात येट्सच्या संघाने व्हाउट व्हान आर्टला सकाळच्या ब्रेकअवेमध्ये (सुरुवातीलाच पुढे निसटलेल्या गटात) आधीच पुढे धाडलेलं. घाट उतरल्यावर सपाटीवर व्हान आर्टने पुढे राहून, वारा अडवत येट्सला जी ओढ दिली, तिथे शर्यत फिरली. हा डाव नाही तर काय?

याच घाटावर २०१८ च्या जिरोत क्रिस फ्रूम ८० किलोमीटर एकटा पळाला होता आणि गुलाबी जर्सीतला येट्स त्या दिवशी अडतीस मिनिटांहून जास्त मागे पडला. सात वर्षांनी तिथेच त्याने ती मिळवली. रात्री कोथरूडच्या घरी बघताना माझे डोळे भरून आले.

मी दर रविवारी सायकलने सिंहगड चढतो. डोणज्यापासून वर जाताना पुढे कोणाचं चाक असलं की दम टिकतो, एकटं पडलं की तोच चढ दुप्पट वाटतो. तीन आठवडे दमलेल्या माणसाला तर संघातला एक सोबती म्हणजे मिनिटांचा फरक. व्हान आर्टबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.