चमचाभर पावडर आणि १६०० मीटर

भाचा धुळ्यात राहून पोलीस भरतीची तयारी करतोय. परवा त्याने एक मेसेज पाठवला आणि मागोमाग त्याचा आवाजी मेसेज आला, "मामा, समदा पोरं लेतस," म्हणजे सगळी पोरं घेतात. मेसेजमध्ये लिहिलं होतं: १६०० मीटर धावण्याआधी अर्धा तास एक चमचा शुद्ध कॅफिन पावडर पाण्यातून घ्या. चहा-कॉफीतलंच असतं, नैसर्गिक आहे, घामावाटे निघून जातं, ऑलिंपिकमध्येही बंदी नाही.

एक चमचा! लिहिणाऱ्याने कधी हिशेब केलाय का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट सांगितलंय, की चहाच्या एका चमच्यात मावणारं शुद्ध कॅफिन म्हणजे जवळपास २८ कप कॉफी. १२०० मिलिग्रॅम एकदम पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात, आणि तेवढी पावडर अर्धा चमचासुद्धा भरत नाही. २०१४ मध्ये तिकडे दोन तरुण पोरं या पावडरीने गेली, तेव्हा हे इशारे सुरू झाले. कॉफी पिताना चव, पोट, मळमळ काहीतरी आडवं येतं. पावडर एका घोटात खाली जाते.

कॅफिनने धावायला मदत होते, हे मात्र खरं. नाइलाजाने मान्य करतो. पण त्यासाठी किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. साठ किलोच्या पोराला १८०. एवढं मोजायला जळगावच्या सोनाराचा काटा लागेल, आणि आमच्या पोरांच्या हातात पोह्यांचा चमचा.

नैसर्गिक? धोतऱ्याचं बीही नैसर्गिकच असतं.

घामावाटे वगैरे काही नाही. ते यकृतात मोडतं, आणि निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. संध्याकाळी घेतलं तर रात्रभर छताकडे बघत बसा, आणि पहाटे परत मैदानावर. तेही खान्देशातल्या उन्हाळ्यात, छाती आधीच धडधडत असताना.

ऑलिंपिकचं म्हणाल तर २००४ पासून बंदी उठली, बरोबर. बंदी नसलेल्या गोष्टी तर पुष्कळ आहेत. फिनाईलवरही बंदी नाही.

पुडी मी काढून घेतली. पैसे वाया गेले म्हणून ताई आता माझ्यावरच चिडलीय.