ढालमध्ये डबलची बेरीज नाही, आणि ते बरंच आहे

कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज लिहायच्या भाषांबद्दल एक मत सगळीकडे फिरतंय: आकड्यांसाठी एकच ‘नंबर’ प्रकार पुरेसा असतो, ढाल (Dhall) या अशाच एका भाषेने नॅचरल (शून्य आणि त्यावरचे पूर्णांक), इंटिजर (धन-ऋण चिन्हासह पूर्णांक), डबल (दशांश आकडे) असे तीन कप्पे केले, वर डबलची बेरीजही करू देत नाही, म्हणजे ती अर्धवट आहे. हे मत ऐकून कुणी भाषा निवडली तर नुकसान त्याचंच होईल, म्हणून लिहितोय.

‘एकच प्रकार पुरतो.’ जेसॉनेट (Jsonnet) या दुसऱ्या कॉन्फिगरेशन भाषेत नेमकं तसंच आहे, प्रत्येक आकडा ६४ बिटांचा डबल. त्यात ९००७१९९२५४७४०९९३ हा एखाद्या खात्याचा आयडी अवतरणचिन्हांशिवाय लिहून बघा. बाहेर पडतो ९००७१९९२५४७४०९९२. शेवटच्या ३ चा २ झाला; एरर नाही, वॉर्निंगही नाही. २ च्या ५३ व्या घातापुढचे सगळे पूर्णांक डबलमध्ये मावत नाहीत, जवळचा जो मावतो तो घेतला जातो. बरं, हा आकडा दिसायला अगदी धडधाकट असतो. रिव्ह्यू करणारा सोळा अंक एकेक करून ताडून बघत नाही, आणि परवानगी भलत्याच खात्याला जाते. ढालच्या नॅचरलला अशी वरची मर्यादाच नाही.

‘तीन कप्पे म्हणजे नुसती कटकट.’ नुसता ५ लिहिला तर नॅचरल, +५ लिहिला तर इंटिजर. नवखा माणूस इथे अडखळतो, हे मान्य. पण सर्व्हर किती चालवायचे तो आकडा नॅचरल ठरवला की -१ टाइप तपासणीतच अडकतो.

‘डबलची बेरीज येत नाही.’ डबलमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात. ढालमध्ये इम्पोर्ट केलेल्या मजकुराची, तो पूर्ण सोडवून झाल्यावर, हॅशने, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशाने, पडताळणी करता येते. तिथे शेवटचा एक अंक हलला तरी हॅश बदलतो. असलं गणित बाहेर ठेवलं हेच योग्य. दीड सेकंदाचा टाइमआउट हवाय? १५०० मिलिसेकंद लिहा, नॅचरलमध्ये.

‘तुलनाही करता येत नाही.’ येते. नॅचरलची वजाबाकी शून्याखाली जात नाही: ३ मधून ५ गेले की ०. उत्तर शून्य आलं तर पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. प्रेल्यूडमध्ये, म्हणजे ढालच्या तयार लायब्ररीत, याची फंक्शन्स आहेत.

भागाकार मात्र बिल्ट-इन नाही, आणि ही तक्रार रास्त आहे. एकूण मेमरी वर्करमध्ये (एकाच वेळी काम करणाऱ्या प्रोसेसमध्ये) वाटायची वेळ आली की मी एकूण आकडा आणि वर्करची संख्या तेवढी कॉन्फिगमध्ये देतो आणि भागाकार ती फाईल वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडतो.