जर्दाळूच्या बिया आणि नसलेलं ‘बी-१७’

मावशीची केमो चालू आहे, आणि कुणीतरी तिला तो मेसेज पाठवलाच. लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट जालीम, जर्दाळूच्या बियांतल्या ‘व्हिटॅमिन बी-१७’ने गाठी विरघळतात, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात, आणि पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या हे दाबून ठेवतात. वर आग्रह, ‘केमो थांबवा, आधी हे करून बघा.’

आधी बियांचं बघू, कारण त्यानं जीव जाऊ शकतो. बी-१७ नावाचं जीवनसत्त्वच नाही. तो पदार्थ अमिग्डालिन. कडू बी चावली की तिच्यातलंच एन्झाइम ते फोडायला लागतं, पुढचं काम आतड्यातले जिवाणू करतात आणि सुटतं सायनाइड. हो, तेच सायनाइड! बरं, ‘कुणी तपासलंच नाही’ म्हणावं तर तेही खोटं. लेट्राइल या नावानं अमेरिकेत याचा इतका गाजावाजा झाला की मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांनी १७८ कॅन्सर रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली, तीही त्याच्या पुरस्कर्त्यांचा खास आहार आणि जीवनसत्त्वं सोबत देऊन. निष्कर्ष १९८२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला: कुणी बरं झालं नाही, आयुष्य वाढलं नाही. उलट काहींच्या रक्तातलं सायनाइड जीवघेण्या पातळीच्या आसपास गेलं.

१०,००० चा आकडा मात्र हवेतला नाही, एवढं मान्य करावं लागेल. १९९६ च्या एका शोधनिबंधात तो आहे. पण तो लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळ्या काढलेल्या एका रसायनाबद्दल, आतड्याच्या कॅन्सरच्या एका पेशीप्रकारावर, एका केमो औषधाच्या तुलनेत, आणि तोही काचेच्या बशीत. बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानंही मरतात. माणसांवर काय? त्याबद्दल त्या निबंधात काही नाही.

पेटंटची गोष्ट तर हास्यास्पद आहे. पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून आलेलं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध १९९२ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि कंपनीनं त्यावर वर्षाला अब्जाहून जास्त डॉलरची विक्री केली. दाबलं कुठे?

राहिले साइड इफेक्ट. सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन केमोतच वापरतात. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण नसांवर परिणाम होऊन बोटं बधिर होतात. शिरेऐवजी चुकून पाठीच्या मणक्यात टोचलं गेलं, तर माणूस बहुधा वाचत नाही. तेही झाडपाल्याचंच.