परदेशातून : आमची द्राक्षं यात नाहीत

२०२२च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा मी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरकारची बाजू हिरिरीने मांडली होती. इथे दुधाच्या पलीकडच्या रांगेत वाइन असते, कुणाचं काय बिघडलं, असं माझं म्हणणं. तिकडे ‘महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करता का’ म्हणून विरोधक तुटून पडले, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकार ‘द्राक्ष पिकवणाऱ्याचं भलं होईल’ म्हणत शेतकऱ्याचं नाव घेत राहिलं आणि निर्णय बारगळला. तेव्हा मला हा सगळा विरोध ढोंगी वाटला होता. आता तसं वाटत नाही.

यंदा सुट्टीत पुण्याला, बाणेरला, नवशिक्यांच्या वाइन टेस्टिंगच्या वर्गाला गेलो. सोबत नारायणगावचा मावसभाऊ. दादाची चार एकर द्राक्षबाग आहे, पण वाइन त्याने कधी तोंडाला लावली नव्हती. पाच वाइन, प्रत्येकीचे दोन-दोन घोट, शेजारी थुंकायला स्टीलचं भांडं. बाईंनी आधी ग्लास दांडीला धरायला शिकवलं, कारण तळहाताच्या उबेने थंड वाइन कोमट होते. मग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघायचा, ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनचा वास घेऊन दादा म्हणाला, “पेरू. पिकलेला.” बाईंनी मान डोलावली.

लाल वाइनमधलं टॅनिन समजावताना बाई अडखळल्या, तर दादाच म्हणाला, “तुरट आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ अशीच होते.” श्टुटगार्टच्या वर्गात मला हे कळावं म्हणून कडक काळा चहा पाजला होता. आपल्या षड्रसांत तो रस पहिल्यापासून आहे.

मग त्याने विचारलं, ही द्राक्षं कोणती? काबर्ने सोव्हिन्यों, बाई म्हणाल्या. बारीक मणी, जाड साल, बिया. तुरटपणा साल आणि बियांतूनच येतो. दादाकडे थॉमसन सीडलेस आहे : बिनबियांची, पातळ सालीची, खायची. “म्हणजे आमची द्राक्षं यात नाहीतच,” तो म्हणाला. २०२२ला मी त्याचंच नाव पुढे करून भांडलो होतो, आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

बाईंनी एक हिशेबही मांडला. दीडशे मिलीलिटर वाइन आणि पंचेचाळीस मिलीलिटर व्हिस्की, दोन्हींत अल्कोहोल जवळपास सारखंच, साधारण पंधरा ग्रॅम. तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा संशय कमावलेला आहे, आणि तो मी हिणवायला नको होता.

जर्मनीत सोळाव्या वर्षी कायद्याने बिअर-वाइन मिळते. शुक्रवारच्या शेवटच्या ट्राममध्ये त्या वयाची पोरं कशी असतात, हे मी पाहतो. ग्रुपवर ते कधी लिहिलं नाही. पण तिथली एक रीत मला मनापासून पटते. श्टुटगार्टच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. मळेवाला दारावर केरसुणी टांगतो, म्हणजे घरची वाइन तयार आहे, या. वर्षातून फार तर चार महिने, चाळीसच खुर्च्या, आणि वाइन त्याच्या स्वतःच्या द्राक्षांची. शेतकऱ्याच्या नावाने कायदा करायचा तर तो असा, वाइनची द्राक्षं लावणाऱ्याच्या अंगणापर्यंत जाणारा हवा. सुपरमार्केटच्या फळीवर शेतकरी मला तरी दिसत नाही.

दादाला गाडी चालवायची होती, म्हणून त्याने प्रत्येक घोट थुंकला होता. रात्री नारायणगावला पोचलो तर मावशी ओट्यावरच बसली होती.

“आपल्या द्राक्षांची होती का रे?”

“नाही, आई.”