एसडब्ल्यूआर १.१ आला, मग आवाज का पोचत नाही?

सीबी (सिटिझन्स बँड) म्हणजे सामान्य नागरिकांसाठीचा बोलण्याचा रेडिओ. त्याच्या नव्या हौशींमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय. घरच्या अँटेनाचे चार नियम: मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे काहीच नाही) १.१ दिसला की अँटेना उत्तम, १.५ च्या वर गेला की रेडिओ जळतो. रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल अठरा फुटांचीच हवी. चॅनेल १ आणि ४० वर आकडा सारखा आला की काम झालं.

पहिल्याच नियमात मी पोळलोय. फोंड्याला आमच्या गच्चीपासून माडापर्यंत तारेचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली दोन भागांची अँटेना) ताणलाय, २७ मेगाहर्ट्झसाठी साधारण सव्वापाच मीटर. खाली दहा मीटर आरजी-५८ केबल. मे महिन्यात मीटर १.६ दाखवायचा. पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास बघतो तर १.२! मी खूश. सावईवेऱ्याचा मित्र मात्र म्हणाला, "अरे, तुझा आवाज खरखरीत बुडतोय." वरच्या कनेक्टरची टेप सोडली तर आतून पाणी ठिबकलं. केबल सोलली तर तांब्याची जाळी हिरवीकाळी पडलेली.

अँटेनाकडून परत फिरलेली शक्ती मीटर मोजतो. ती वाटेत सडक्या केबलमध्येच जिरली तर मीटरला दिसणार कशी? अँटेनाऐवजी ५० ओमचा डमी लोड (सगळी शक्ती जिरवणारा रोध) लावा, काटा १ वर चिकटेल. म्हणून डमी लोडवरून कुणी गप्पा मारतं का? तेव्हा आधी केबल तपासा. वरचं टोक मोकळं सोडून खालून नॅनोव्हीएनएने (अँटेना-केबल तपासायचं छोटं यंत्र) मोजा. (रेडिओची कळ दाबून नव्हे!) मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती परत फिरते, म्हणून इथे आकडा मोठा तेवढी केबल चांगली: धड असलेल्या दहा मीटर आरजी-५८ ला एसडब्ल्यूआर दहाच्या आसपास दिसायला हवा. माझ्या केबलला २ दिसला. म्हणजे पाच वॉटपैकी जेमतेम पावणेदोन वॉट वर पोचत होते.

१.५ ची भीती तर फुकाची. तिथे परत येते फक्त ४ टक्के शक्ती, २ ला ११ टक्के. ३ ला पाव भाग परततो. तिथे मात्र हात आवरावा.

अठरा फुटांचं मूळ मजेशीर आहे. साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट, ही २७ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी, पण हवेतली. आरजी-५८ मध्ये लहर ६६ टक्के वेगानेच धावते, त्यामुळे तिथे अर्धी लांबी भरते बारा फूट. म्हणजे ज्या हिशोबाने नियम काढला त्या हिशोबानेही तो चुकीचाच. केबल कापून मीटरवरचा आकडा हलला, तर बहुधा केबलची बाहेरची जाळीच अँटेनासारखी वागतेय. डायपोलच्या मध्याशी केबलची पाचसहा वेटोळी घालून बघा.

राहिला चौथा. तो अमेरिकेतल्या चाळीस चॅनेलांचा. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट मिळाली ती २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झला, ५ वॉटपर्यंत. त्यात पहिली २७ चॅनेलंच बसतात. तेव्हा मध्य धरायचा चॅनेल १४ चा. चॅनेल १ वर आकडा जास्त आला तर तार आखूड आहे, २७ वर जास्त आला तर लांब. सुरुवातीला तार हातभर जास्तच ठेवा आणि कापायच्या आधी टोकं दुमडून बघा. कनेक्टरला स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, आणि ती मृगाच्या आधी.