रिव्हर्सची परीक्षा कोणी घेतली होती?

परवा कॅलिफोर्नियाहून पुतण्याचा फोन. "काका, नापास झालो." वय एकेचाळीस, गाडी हाकायला लागून वीस वर्षं झाली, आणि गडी ड्रायव्हिंगमध्ये नापास!

त्यानं फिफ्थ-व्हील घेतलीय. म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायची, चाकांवरची अख्खी खोली. बायको-पोरांना फिरवायला. भाड्याबिड्यानं द्यायची नाही. तरी लायसन्स वेगळं, कारण तिथला हिशेब वजनाचा, आणि तेही प्लेटवर लिहिलेल्या कमाल वजनाचा. ट्रेलर १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण साडेचार टन, तर साधं क्लास सी चालतं. फिफ्थ-व्हील त्याहून जड पण १५,००० पौंडांच्या आत, तर त्याच लायसन्सवर जादा शिक्का घ्यायचा. त्याच्याही वर गेलात की नॉन-कमर्शियल क्लास ए. लेखी परीक्षा, तब्येतीचा फॉर्म, आणि मग ट्रेलर जोडून प्रत्यक्ष परीक्षा. साहेब रिव्हर्समध्ये गेले.

मी पोटभर हसलो. मग आमच्या मंडळाची गेल्या वर्षीची आगमन यात्रा आठवली आणि हसू जिरलं.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इथे गणपती 'आणतात' तेव्हाच निम्मं विसर्जन झाल्यासारखी मिरवणूक असते. ट्रॅक्टर, मागे दोन चाकी ट्रॉली, त्यावर नऊ फुटांची मूर्ती. दांडिया बाजारातून आमच्या गल्लीत वळताना पुढे कुणाची तरी कार आडवी लावलेली. मागे घ्या म्हणाले. ड्रायव्हर विशीतला, स्वभावानं गरीब पोरगा. "चिंता ना करो काका, थई जशे." अर्धे लोक "येऊ दे, येऊ दे", अर्धे "आववा दे, आववा दे". त्यानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, ट्रॉली उजवीकडे निघाली. म्हणून त्यानं आणखी डावीकडे फिरवलं. पाच सेकंदांत ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांना काटकोनात, मागचं टायर ट्रॉली जोडायच्या दांडीला घासतंय, आणि ट्रॉलीचा कोपरा कोपऱ्यावरच्या आजींच्या ओट्यावर. एक स्कूटर चेपली, ओट्याची फरशी गेली. मूर्तीला काही झालं नाही. आजींनी आम्हा सगळ्यांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

पण मला घाम फुटला तो नंतर. चाळीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढल्यामुळे माझी नजर आधी जोडाकडे जाते. खाली वाकून बघितलं तर दांडीच्या पिनेला खालून क्लिपच नाही! बाइंडिंगच्या तारेचे दोन वेढे. आणि जनरेटर उत्साही कार्यकर्त्यांनी ट्रॉलीच्या पार शेपटाला ठेवलेला, त्यावर चार पोरं चढलेली. दोन चाकी ट्रॉलीत आसाच्या मागे वजन गेलं की दांडी वर उचलते. ती पिनेला खालून धक्के देत होती आणि तार सैल होत चाललेली. ट्रॉलीला ब्रेक नव्हते हे वेगळं. आपल्याकडे बहुतेक ट्रॉल्यांना नसतात, उतारावर ती ट्रॅक्टरलाच ढकलते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२१) मध्ये 'हलकं मोटार वाहन' म्हणजे काय ते आहे. त्यात मोटारगाडीही येते आणि ट्रॅक्टरही, रिकामं वजन ७,५०० किलोच्या आत असलं की झालं. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास. मागे काय लावलंय, किती भरलंय, याची पायरी लायसन्सच्या वर्गवारीत नाही. ट्रॉलीची नोंदणी करा, ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीच्या पाठीवर लावा, हे मात्र आहे. २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात विमा कंपनीनं हात झटकले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ट्रॅक्टरचं लायसन्स असलेला माणूस ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानंही ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाड्यांना हलकं लायसन्स चालतं, हेच कायम केलं. निकाल योग्यच आहेत, नाहीतर अपघातग्रस्ताच्या घरच्यांना भरपाई कोण देणार? पण तो प्रश्न पैशांचा होता. पोराला ट्रॉली मागे घेता येते का, हे कोर्टाला कुणी विचारलंच नव्हतं.

लगेच कुणी म्हणेल, काढा अजून एक लायसन्स, अजून एक फेरी, अजून एक एजंट. नको! शेतकऱ्याला तर मुळीच नको. इंग्लंडनं डिसेंबर २०२१ मध्ये जड ट्रेलरची वेगळी परीक्षा मोडीत काढली. ट्रकचालकांचा तुटवडा होता, परीक्षेच्या तारखा त्यांच्यासाठी मोकळ्या करायच्या होत्या. आता तिथे साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. हे दुसरं टोक झालं, मला ते पटत नाही. मला आवडतो जर्मनीतला बी९६. कार आणि ट्रेलर मिळून ३,५०० ते ४,२५० किलो होत असेल, तर परीक्षा नाही, फक्त किमान सात तासांचं प्रशिक्षण. जोडायचं कसं, वजन कुठे ठेवायचं, मागे कसं घ्यायचं. सात तास म्हणजे आमच्या एका मिरवणुकीपेक्षाही कमी वेळ.

तोवर सरकारची वाट बघत कशाला बसायचं? यंदाच्या मीटिंगमध्ये मी अट घातली की जो ड्रायव्हर येईल त्यानं रिकामी ट्रॉली देवळापासून चौकापर्यंत उलटी नेऊन दाखवायची. खजिनदार म्हणाले, "काका, मग ट्रॅक्टर कोण देणार आपल्याला?" आगमनाला ढोल-ताशावर किती उडवतो ते मी त्यांना विचारलं. क्लिपसकट नवी पिन मीच आणलीय, घरात खुंटीवर टांगलीय.

गेल्या वर्षीचाच पोरगा यंदाही येतोय. रविवारी सकाळी सात वाजता गल्ली रिकामी असेल तेव्हा सराव. ओट्यावर आजी बसणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलंय. ज्यांच्या स्कूटर तिथे लागतात त्यांनी शनिवारी रात्रीच हलवाव्यात.